मुरैनाची दोन पाळ्यांतली बॅटरी

जिन्याखाली ट्रॉलीवर इन्व्हर्टर आणि खाली दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी. ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या कितीतरी घरांत ही जोडी अजून आहे. दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनलवर चढलेला पांढरा-हिरवा थर गरम पाण्यानं धुवायचा, वर व्हॅसलीन फासायचं. हे सगळं घरातल्या एकाच माणसाला जमतं आणि तो गावाला गेला की नेमका पाण्याची पातळी दाखवणारा फ्लोट खाली बसतो. हिशेब सोपा आहे: 12 व्होल्ट गुणिले 150, म्हणजे कागदावर 1.8 युनिट. दोन पंखे आणि चार दिवे यांची एका संध्याकाळची सोय.

हाच हिशेब आता शेजारच्या जिल्ह्यात नेऊ. आग्रा रोडला लागलं की तासाभरात मुरैना. चंबळच्या बिहडांचा हा जिल्हा, ऊन वाळवंटासारखं. इथे 440 मेगावॉटचा सौरप्रकल्प ठरला आहे, 220-220 च्या दोन भागांत आणि बॅटऱ्यांसकट. सूर्य मावळल्यावर दोन तास प्रत्येक भागाने 220 मेगावॉट द्यायचे. म्हणजे 4 लाख 40 हजार युनिट. जिन्याखालच्या बॅटरीत मोजायचं तर एकेका भागाला सुमारे अडीच लाख नग.

प्रकल्पामागची संस्था रीवा अल्ट्रा मेगा सोलर लिमिटेड. 2015 मध्ये मध्य प्रदेश ऊर्जा विकास निगम आणि केंद्राचं सौर ऊर्जा महामंडळ यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत ती काढली. 2017 मध्ये रीवाच्या 750 मेगावॉटच्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर 2 रुपये 97 पैसे निघाला, तेव्हा वीजक्षेत्रात खळबळ उडाली होती. त्यातली वीज दिल्ली मेट्रोलाही जाते. पण ती दिवसाउजेडीची वीज. सप्टेंबर 2025 मध्ये मुरैनाचा लिलाव झाला आणि साठवणुकीसह सर्वांत कमी बोली 2 रुपये 70 पैशांची आली. आठ वर्षांपूर्वी नुसत्या उन्हाच्या विजेला जो दर पडत होता, त्याहून कमी दरात आता संध्याकाळचीही हमी. शिवाय गर्दीच्या तासांत 95 टक्के उपलब्धतेची अट.

एवढ्या कमी दरात हे बसलं कसं? बॅटऱ्या जगभर स्वस्त झाल्या हे खरंच, पण मला यातली खरी हुशारी पाळ्यांच्या आखणीत दिसते. दिवसा पॅनेल वीज देतात आणि बॅटरीही भरतात. संध्याकाळी ती रिकामी होते. साध्या योजनेत पुढे उन्हं वर येईपर्यंत तिला काम नसतं. इथे रात्री ग्रिडवर मागणी पडली की ग्रिडमधूनच ती पुन्हा भरायची आणि सकाळी, गिझर-मोटरी सुरू व्हायच्या वेळेला, पुन्हा दोन तास वीज द्यायची. एकच भांडवल, दिवसातून दोनदा वापर. सकाळचा वाटा उन्हाचा नाही, रात्रीच्या ग्रिडचा, म्हणजे त्यात कोळशाचीही वीज आलीच. याला शंभर टक्के हिरवी वीज म्हणू नये. व्यवहार म्हणून मात्र तो चोख आहे.

रात्रीची वीज साठवणं महाराष्ट्राला नवं नाही. अकोले तालुक्यातल्या घाटघरच्या धरणातून पाणी कड्याखाली शहापूर तालुक्यात सोडायचं, वीज करायची आणि मागणी उतरली की तेच पाणी वर चढवायचं. 125 मेगावॉटचे दोन संच हे काम करतात. सह्याद्रीचा कडा हीच तिथली बॅटरी. चंबळच्याच वरच्या अंगाला, नीमच जिल्ह्यात गांधीसागरच्या काठी असाच मोठा प्रकल्प हाती घेतला आहे. मुरैनात कडा नाही, म्हणून डबे.

हे डबे म्हणजे जहाजावरच्या कंटेनरएवढ्या पेट्या. आत हजारो सेल, हल्ली बहुधा लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे, आणि त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा. ती यंत्रणा त्याच विजेवर चालते; शिवाय भरता-रिकामी करता दहा-पंधरा टक्के वीज वाटेतच खर्ची पडते. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की खरी परीक्षा. उष्णतेनं सेलचं आयुष्य घटतं आणि धुळीनं पॅनेलचं उत्पन्न.

खऱ्या वाळवंटातली उडी याहून फार मोठी आहे. अबू धाबीच्या मस्दार कंपनीनं जानेवारी 2025 मध्ये जाहीर केलेल्या प्रकल्पात 5.2 गिगावॉट पॅनेल आणि 19 गिगावॉट-तास बॅटरी आहे, कशासाठी, तर चोवीस तास अखंड 1 गिगावॉट मिळावा म्हणून. एकासाठी पाच पॅनेल! तेलाचा पैसा आणि ओसाड जमीन असलेल्याला हे परवडतं. रात्र काढण्याऐवजी फक्त गर्दीचे चार तास सांभाळायचे, हा मुरैनाचा मार्ग आपल्या खिशाला जास्त मानवणारा आहे.

अर्थात लिलावातला दर हा कागदावरचा दर. पाच उन्हाळे मुरैनाची यंत्रणा 95 टक्क्यांवर टिकली, तर हा करार स्वस्त होता असं म्हणता येईल.

तोवर एक साठवण आपल्या गच्चीवरच आहे: पाण्याची टाकी. केंद्राच्या 2023 च्या नियमांत उन्हाच्या तासांतला दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवायला सांगितलं आहे. घरी स्मार्ट मीटर बसला असेल तर बिलावर ही सवलत दिसते का ते बघा, आणि टाकीची मोटर दुपारी चालवा.