दहा डॉलरचा वकील

अमेरिकेत माजी सैनिकाचा भरपाईचा दावा लढवणाऱ्या वकिलाने किती फी घ्यावी, हे यादवी युद्धाच्या काळातच ठरून गेलं. १८६२ मध्ये पाच डॉलर, १८६४ मध्ये दहा. जास्त घेतले तर फौजदारी गुन्हा. जखमी शिपायांना लुबाडणाऱ्या दलालांना चाप बसावा, हा हेतू चांगलाच. पण आकडा सव्वाशे वर्षं तिथेच गोठला. मग या दाव्यांना हात लावणार कोण? अणुचाचण्यांतल्या किरणोत्सर्गाची झळ बसलेल्यांच्या संघटनेने या मर्यादेला कोर्टात आव्हान दिलं, पण १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संघटना हरली. शिवाय सरकारी खात्याने दावा फेटाळला, तर कोर्टात दाद मागायचीही सोय नव्हती!

१९८८ च्या कायद्याने माजी सैनिकांसाठी स्वतंत्र अपील न्यायालय आणलं. तिथे विनामोबदला वकील मिळवून देणारा उपक्रम १९९२ पासून चालू आहे.

हे झालं माजी सैनिकांच्या दाव्यांचं. घरभाडं, कर्ज, घटस्फोट असल्या दिवाणी भानगडींत गरिबांना मदत करणाऱ्या संस्थांना पैसा पुरवतं १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेलं लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन. अट: उत्पन्न साधारणपणे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांच्या आत हवं.