टोचनगाडीवरचा गिटारवादक

३० जुलै २०२५ रोजी ब्लूज-गिटारवादक बडी गाय यांनी वयाची ८९ वर्षे पुरी केली, आणि त्याच दिवशी 'एन्ट डन विथ द ब्लूज' हा अठरा गीतांचा त्यांचा नवा संग्रह प्रसिद्ध झाला. ब्लूजशी आपला हिशेब अद्याप मिटलेला नाही, असे नावातच बजावणाऱ्या या संग्रहाविषयी जे जे माझ्या वाचनात आले त्यात पाहुण्यांचीच नामावळी मोठी होती: जो वॉल्श आहेत, जो बोनामासा आहेत, पीटर फ्रॅम्प्टन आहेत, मिसिसिपीचा तरुण वादक 'किंगफिश' इंग्रॅम आहे, 'ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा' हा भक्तिगीते गाणारा मेळा आहे. ज्यांच्यापुढे इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांच्यासारख्यांनी मान लवविली त्यांच्या पंगतीला असे पाहुणे असावेत यात नवल नाही. परंतु वर्षानुवर्षे बडींचे वादन वेड्यासारखे ऐकत आलेल्या माझ्यासारख्यास या पाहुण्यांपेक्षा निराळीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते, ती ही की, ज्यांचे अनुकरण करून इतरांनी दौलत जमविली ते हे गृहस्थ तिशी गाठेपर्यंत मोलमजुरी करीत होते आणि शिकागो शहरात बिघडलेल्या मोटारी ओढून नेणारी टोचनगाडी हाकीत होते; आणि त्यांची गिटार जशी वाजते तशी का वाजते, याचा उलगडा मला तरी त्या मजुरीतच सापडतो.

पूर्वपीठिका सांगणे भाग आहे, म्हणून एका दमात सांगतो. १८६५ मध्ये अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली, पण दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या हाती जमीन आली नाही. मळेवाल्याची जमीन, मळेवाल्याचे बियाणे, मळेवाल्याचे दुकान आणि मळेवाल्याचीच वही, अशा व्यवस्थेत ते अर्धेलीने कापूस पिकवू लागले, आणि वर्षअखेरीस बाकी बहुधा त्यांच्याच नावे निघू लागली. याच शिवारांत, चर्चमधील प्रार्थनागीते आणि कामावरच्या आरोळ्या यांच्या मिलाफातून, विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास ब्लूज आकारास आले. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून गेले, आणि १९४४ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने कापूस वेचणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक मिसिसिपीत करून दाखविल्यानंतर तर मागे राहिलेल्यांचीही मळेवाल्यास गरज उरली नाही. योगायोग असा की ती कंपनी शिकागोची, आणि यंत्राने हुसकलेली माणसेही हजारोंच्या संख्येने शिकागोलाच येऊन उतरली. झाली पूर्वपीठिका.

बडींचा जन्म १९३६ चा, लुइझियाना राज्यातील लेट्सवर्थ या खेड्यातला. वडील सॅम व आई इझाबेल हे दोघेही अर्धेलीवर राबणारे; घरात वीज नव्हती, नळ नव्हता. मुलगा हाताशी येताच कापूस वेचू लागला, आणि शंभर पौंड, म्हणजे सुमारे पंचेचाळीस किलो, कापूस वेचला की अडीच डॉलर पदरात पडत. एवढा कापूस भरावयास किती वाकावे लागते हे विदर्भ-खानदेशच्या वाचकास मी सांगावयास नको. वाद्य विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा या पोराने खिडकीच्या जाळीतील तारा उपसून फळीवर ताणल्या, आणि घरात डास कोठून शिरतात हे आईस बरेच दिवस कळेना, अशी आठवण ते आजही रंगवून सांगतात. पुढे नाताळात गावात वाजविण्यास येणाऱ्या कूट नावाच्या एका वादकाची जुनी, दोनच तारा शिल्लक राहिलेली गिटार वडिलांनी थोडक्या डॉलरांत घेऊन दिली. जॉन ली हुकर यांचे 'बूगी चिलन' हे १९४८ सालचे गीत त्या मुलाने ऐकून ऐकून बसविले, आणि ते सापडले तेव्हा पुन्हा हरवू नये म्हणून बोटे थांबविण्याचीच त्याला भीती वाटली.

शाळेसाठी म्हणून तो बॅटन रूज शहरी गेला. आईस अर्धांगाचा झटका आला आणि शिक्षण राहिले. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत झाडलोटीची व देखभालीची नोकरी मिळाली, ती अशा काळात की पदवीच्या वर्गांची दारे तेथे कृष्णवर्णीयांना जवळजवळ बंद होती. याच शहरात त्याने गिटार स्लिम या वादकाचा कार्यक्रम पाहिला. प्रथम केवळ गिटार ऐकू आली, माणूस दिसेना. मग तांबडाभडक पोशाख केलेला स्लिम, शेकडो फूट वाटावी अशी लांब तार मागे सोडीत, सभागृहाबाहेरूनच वाजवीत आत आला. बी. बी. किंग यांच्यासारखे वाजवावे आणि गिटार स्लिमसारखे वागावे, असा निश्चय त्या रात्री झाला असे बडी सांगत आले आहेत. गंमत अशी की हा मुलगा मुळात अत्यंत लाजाळू होता. पहिल्यावहिल्या मंडळीत श्रोत्यांकडे पाठ करून उभा राहिल्यामुळे त्याला हाकलून देण्यात आले होते.

२५ सप्टेंबर १९५७ रोजी ते शिकागोस उतरले, आणि या तारखेस ते आपला दुसरा वाढदिवस मानतात. आरंभीचे महिने उपासमारीचे गेले. परत फिरावे असे मनात घोळत असतानाच सत्तेचाळीसाव्या रस्त्यावरील '७०८ क्लब' या गुत्त्यात गिटारवादक ओटिस रश यांनी त्यांना वाजवू दिले, आणि त्या वादनाची वार्ता ऐकून मडी वॉटर्स स्वतः आले. मडी वॉटर्स म्हणजे शिकागोच्या ब्लूजचे अनभिषिक्त राजे, तेही मिसिसिपीच्या मळ्यावरून आलेले. त्यांनी या पोराची कला वाखाणण्यापूर्वी त्याचे पोट पाहिले, आपल्या गाडीत बसविले आणि पावात सालामी घालून त्याला खाऊ घातली. ब्लूजच्या इतिहासातील सर्व पारितोषिके एका पारड्यात टाकली तरी मला हे सालामीचे पारडे जड वाटते.

आता माझ्या आवडत्या दहा वर्षांकडे वळतो. संपादकांनी जागा सढळ हाताने दिली आहे, तिचा मी येथे गैरवाजवी फायदा घेणार आहे.

१९५७ ते १९६७ या काळातील शिकागोची दक्षिण बाजू डोळ्यांसमोर आणावी. १८६५ पासून चालत आलेले आणि १९७१ पर्यंत चाललेले युनियन स्टॉक यार्ड्स हे गुराढोरांचे अवाढव्य बाजार व कत्तलखाने, सरोवराच्या काठचे पोलादाचे कारखाने, तीन पाळ्या, आणि त्या पाळ्यांच्या घड्याळावर चालणारे असंख्य गुत्ते. रात्रपाळी सुटलेल्या माणसांसाठी काही गुत्ते सकाळीच उघडत आणि तेथे वादकांची झटापट भरदिवसा चाले, असे बडी सांगतात. आठ तास भट्टीपुढे किंवा कत्तलीच्या ओळीवर उभे राहून आलेल्या, कान यंत्रांनी बधिर झालेल्या, खिशात पगार असलेल्या आणि समोरच्या ग्लासात अधिक रस असलेल्या अशा श्रोत्यांचे लक्ष नाजूक हरकतींनी वेधले जाणार नव्हते. बडींनी ध्वनिवर्धक फाटेल इतका चढविला, तारा वाकवून त्यांतून किंकाळी काढली, आणि मग, हे त्यांचे खरे मर्म, मध्येच आवाज इतका उतरविला की बोलणाऱ्याचे बोलणे उघडे पडून त्याला ओशाळून मान वळवावी लागे. गिटार स्लिमची लांब तार त्यांनी येथेही कामी आणली. शिकागोच्या बर्फात बाहेर उभे राहून ते वाजवीत आत येत. याला कोणी चमत्कृती म्हणतात. मी तिला धंद्याची निकड म्हणतो.

आणि एवढे करून पोट भरत नव्हते. लग्न झालेले, घरी मुले, म्हणून दिवसा टोचनगाडी आणि रात्री गुत्ता असा क्रम चालला. १९६५ साली 'अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल'च्या मंडळींबरोबर ते युरोपास गेले. लंडनच्या मार्की क्लबात त्यांचे वादन पाहून तरुण एरिक क्लॅप्टन यांना तिघांच्याच वाद्यवृंदाची कल्पना सुचली, आणि तिच्यातून पुढे 'क्रीम' हा जगप्रसिद्ध संच उभा राहिला. ज्यांनी ती कल्पना दिली ते मात्र शिकागोस परतून पूर्ववत मोटारी ओढू लागले. या प्रकाराचा मला आजही राग येतो.

दोष द्यावयाचा तर तो काही अंशी चेस रेकॉर्ड्स या कंपनीच्या माथी येतो, आणि तिचा इतिहास मोठा विलक्षण आहे. मिशिगन अव्हेन्यूवरील २१२० क्रमांकाची तिची दुमजली इमारत मी मुद्दाम जाऊन पाहिली. आता तेथे ब्लूजचे गीतकार विली डिक्सन यांच्या नावाने चालणारी संस्था आहे, आणि वरच्या मजल्यावरील ती ध्वनिमुद्रणाची खोली इतकी माफक आहे की ब्लूजचे अर्धे दप्तर येथेच लिहिले गेले यावर विश्वास बसत नाही. मालक लिओनार्ड चेस हे पोलंडहून येऊन स्थायिक झालेले यहुदी, पूर्वीचे गुत्तेवाले. बडी गुत्त्यात वाजवीत तसे वाजवू लागले की चेससाहेबांस तो निव्वळ गोंगाट वाटे. तेव्हा स्वतःच्या नावावर मोजकीच गीते आणि एरवी दुसऱ्यांच्या मागे बिदागीवर साथ, अशी त्यांची नेमणूक झाली. हाउलिन वुल्फ यांचे 'किलिंग फ्लोअर' आणि कोको टेलर यांचे 'वँग डँग डूडल' यांत त्यांचीही गिटार वाजते. १९६३ मध्ये मडी वॉटर्स यांच्या 'फोक सिंगर' या विजेविना वाजविलेल्या संग्रहासाठी चेस यांनी खेड्यातला एखादा जुना म्हातारा वादक शोधून आण म्हटले, तर मडी घेऊन आले सत्तावीस वर्षांच्या बडीला. मालकाचा संताप पहिल्या गीताबरोबर विरला. पुढे इंग्लंडातून तोच 'गोंगाट' लाखांनी खपू लागल्यावर चेस यांनी बडीला बोलावून, पाठमोरे वाकून, मला एक लाथ घाल असे म्हटले, ही कथा बडी स्वतः सांगतात. कथा फुगली असेल, पण ती फुगविण्याचा हक्क त्यांनी कमावलेला आहे.

१९६५ च्या सप्टेंबरात, डेलमार्क या छोट्या कंपनीसाठी हार्मोनिकावादक ज्युनियर वेल्स यांचा 'हूडू मॅन ब्लूज' हा संग्रह मुद्रित झाला. चेसशी करार असल्यामुळे बडींचे नाव छापता येईना, म्हणून वेष्टनावर 'फ्रेंडली चॅप' असे टोपणनाव आले. मुद्रण चालू असताना गिटारचा ध्वनिवर्धक बिघडला, तर यंत्रज्ञाने गिटार थेट ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरला जोडून दिली, आणि त्यामुळे काही गीतांत तिचा स्वर पाण्याखालून यावा तसा डोलत येतो. गुत्त्यातील एक रात्र जशीच्या तशी तबकडीवर उतरविण्याचा हा पहिला यशस्वी प्रयत्न होय असे माझे मत आहे, आणि त्या वेळी गिटार वाजविणारा माणूस टोचनगाडीवर नोकरीस होता हे लक्षात ठेवूनच तो ऐकावा.

येथे पुष्कळांना गिरणगाव आठवेल. अण्णा भाऊ साठे गिरणीत राबले आणि शाहीर झाले, तशीच ही गोष्ट, असे म्हणण्याचा मोह मलाही झाला आहे. परंतु साम्य ओढूनताणून लावू नये. लालबाग-परळच्या शाहिराच्या पाठीशी पक्ष होता, युनियन होती, आणि त्याचा डफ जमावास उठविण्यासाठी वाजत होता; ब्लूजवाल्याच्या पाठीशी गुत्त्याच्या मालकाखेरीज कोणी नव्हते, आणि त्याचे गाणे एकट्याचे गाऱ्हाणे राहिले. बडींच्या गीतांत कारखाना क्वचितच येतो. तेथे बाई येते, उधारी येते, पहाट येते. त्यांचे कामगारपण शब्दांत शोधू जाणारा निराश होईल.

उरलेले आयुष्य सर्वश्रुत आहे. १९७२ मध्ये त्रेचाळीसाव्या रस्त्यावर 'चेकरबोर्ड लाउंज' काढला, जेथे १९८१ साली रोलिंग स्टोन्स मडींबरोबर वाजविण्यास आले. १९८० च्या दशकात अमेरिकेतील कोणतीही मोठी कंपनी बडींना हात लावीना. १९८९ मध्ये 'लेजंड्स' हा क्लब उघडला. १९९१ च्या 'डॅम राइट, आय हॅव गॉट द ब्लूज' या संग्रहाने वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कीर्ती आणि ग्रॅमी दोन्ही दिली. घर सोडताना त्यांनी आजारी आईस थाप मारली होती की पैसे मिळवून तुझ्यासाठी ठिपक्याठिपक्यांची कॅडिलॅक मोटार आणीन. आई १९६८ मध्ये, मुलाचे वादन न पाहताच गेली, आणि त्या थापेच्या स्मरणार्थ त्यांची गिटार आजही काळी, पांढऱ्या ठिपक्यांची असते. २०२५ च्या 'सिनर्स' या चित्रपटात वृद्ध ब्लूजवादकाच्या भूमिकेत ते दिसले.

मुंबईस हे गृहस्थ २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, महिंद्रा ब्लूज महोत्सवाच्या पहिल्याच वर्षी आले आणि नंतरही आले. वाजवीत वाजवीत मंचावरून उतरून श्रोत्यांत शिरणे ही त्यांची जुनी खोड. आता तार नसते, बिनतारी यंत्र असते. उंची तिकिटे काढून आलेल्या त्या श्रोतृवृंदास भट्टीवरच्या माणसांसाठी शोधलेली युक्ती लागू पडावी, हे पाहून मला मौज वाटली. शिकागोच्या वॉबॅश अव्हेन्यूवरील 'लेजंड्स'मध्येही मी जाऊन आलो आहे. वादन नसेल तेव्हा मालक मद्याच्या फळीपाशी उंच स्टुलावर बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतात, आणि नव्या पोरांना मंच मोकळा ठेवतात.

आता नव्या संग्रहाचा निकाल. अठरा गीते फार झाली. बारांत काम भागले असते. टॉम हँब्रिज हे २००८ पासून बडींचे निर्माते, ढोलवादक आणि बहुतेक गीतांचे सहलेखक. त्यांचा हात सफाईदार आहे, पण वृद्ध कलावंताकडून स्वतःच्याच आयुष्याची जाहिरात वदवून घेण्याची त्यांना सवय लागली आहे, आणि ब्लूज मला तरुण ठेवतो, मी अजून थकलो नाही, या आशयाची कडवी चौथ्यांदा ऐकताना कंटाळा येतो. पाहुण्यांत किंगफिश तेवढा बरोबरीने बोलतो. कंठ मात्र अजून थक्क करणारा आहे. वरच्या पट्टीत तो किंचित फाटतो आणि त्या फाटण्यातच सत्य असते. सर्वांत उत्कृष्ट दोन गीते सर्वांत साधी आहेत: आरंभीचे 'हुकर थिंग', ज्यात दोन तारांच्या गिटारीवर 'बूगी चिलन' बसविणारा मुलगा पुन्हा भेटतो, आणि लाइटनिन हॉपकिन्स यांस वाहिलेले 'वन फ्रॉम लाइटनिन'. तेव्हा बडींची ओळख नसलेल्या वाचकाने आरंभ 'हूडू मॅन ब्लूज'पासून करावा, मग 'फोक सिंगर' ऐकावा, मग या नव्या संग्रहाकडे यावे. आणि वेळ अपुरा असेल तर नव्यातील पाहुण्यांची गीते, एक किंगफिशचे सोडून, खुशाल वगळावीत.