गिधाडाचा फोटो आणि गिधाडाचे नाव

समजा, तुम्ही केनियातील मसाई माराच्या गवताळ प्रदेशात आहात. सकाळचे दहा वाजले आहेत. समोर शंभर-दीडशे मीटरवर एक मेलेले विल्डबीस्ट पडले आहे आणि त्यावर गिधाडांची झुंबड उडाली आहे. काही आकाशात घिरट्या घालत आहेत, काही पाय पुढे सोडून उतरत आहेत. वाहनचालकाने गाडी थांबवली. खाली उतरायला परवानगी नाही. जे काय करायचे ते खिडकीतून किंवा वरच्या उघड्या झरोक्यातून. तुम्ही कॅमेरा उचलता आणि भराभर फोटो काढता. संध्याकाळी ते पाहू लागता, तर निम्म्या फोटोंत नुसत्या काळ्या आकृत्या! गिधाडे आहेत एवढे कळते. पण कोणती?

या प्रदेशात गिधाडांच्या सहा जाती दिसतात. एकाच मढ्यावर इतक्या जाती कशा नांदतात, हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. हान्स क्रूक या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात सेरेंगेटीत याचा अभ्यास केला आणि चोचींकडे बोट दाखवले. पांढऱ्या पाठीचे आफ्रिकी गिधाड आणि रूपेलचे गिधाड ही लांब मानेची. ती मान थेट पोटात खुपसून आतले मऊ मांस ओढून काढतात. मानेवर मोठी पिसे नसतात ती उगाच नव्हे! लॅपेट-फेस्ड आणि पांढऱ्या डोक्याचे गिधाड यांच्या चोची दणकट. ती कातडे आणि स्नायूबंध फाडतात. हुडेड गिधाड, ज्याला आपण टोपडेवाले म्हणू या, आणि पांढरे इजिप्शियन गिधाड यांच्या चोची बारीक. ती बाजूला उभी राहून उरलेसुरले वेचतात. तेव्हा पक्षी कसा दिसतो हे पाहण्याआधी तो काय करतो आहे हे पाहा. तीन जोड्या तर तिथेच वेगळ्या झाल्या.

यांपैकी इजिप्शियन गिधाड महाराष्ट्रातही आहे. आपल्या गावाबाहेर उकिरड्यापाशी तुम्ही ते पाहिलेही असेल. त्याची एक करामत सांगायलाच हवी. शहामृगाचे अंडे त्याच्या चोचीने फुटत नाही, म्हणून ते चोचीत दगड धरून अंड्यावर आपटते. जेन गुडॉल आणि छायाचित्रकार ह्यूगो व्हान लाविक यांनी टांझानियात हे पाहिले आणि १९६६ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केले. हत्यार वापरणाऱ्या पक्ष्यांची उदाहरणे तेव्हा फार थोडी ठाऊक होती.

आता त्या काळ्या आकृत्यांकडे वळू. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक असे गृहीत धरतो, की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे. पण तुमच्या चौकटीत जवळजवळ सगळे झगझगीत आकाश आणि मधोमध एक गडद पक्षी. बिचारा मापक आकाशालाच करडे करू पाहतो आणि प्रकाश कमी घेतो. मग पक्षी काळा होणार नाही तर काय? उपाय सोपा आहे. मापक सांगेल त्यापेक्षा एक ते दोन पायऱ्या जास्त प्रकाश द्या. प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट होतो, म्हणजे दोन पायऱ्यांना चौपट. आकाश पांढरेफटक होईल, होऊ द्या. आपल्याला आकाशाचे नाव शोधायचे नाही.

दुसरी अडचण आकाराची. रूपेलच्या गिधाडाचा पंखविस्तार सुमारे २.४ मीटर. ते १५० मीटरवर असेल आणि तुमच्या भिंगाचे नाभीय अंतर ४०० मिलिमीटर असेल, तर प्रतिमा किती मोठी पडेल? पंखविस्ताराला नाभीय अंतराने गुणा आणि पक्ष्याच्या अंतराने भागा. उत्तर येते ६.४ मिलिमीटर. ५० मिलिमीटरच्या साध्या भिंगाने तीच प्रतिमा जेमतेम ०.८ मिलिमीटर! पंखाखाली पाच सेंटिमीटर रुंदीची एक पांढरी रेघ आहे असे धरा. कॅमेऱ्याच्या पटलावरील एक चित्रबिंदू ०.००५ मिलिमीटरचा असेल, तर लांब भिंगाने ती रेघ २६-२७ बिंदू व्यापेल, साध्या भिंगाने तीन-चारच. म्हणून फोटो नंतर कितीही मोठा केला, तरी मुळात जे टिपलेच गेले नाही ते त्यात उगवत नाही.

तिसरी अडचण मात्र मोठी गमतीची आहे. फोटोला उजेड उत्तम कधी? सूर्योदयानंतरच्या तासा-दोन तासांत. पण त्या वेळी बहुतेक गिधाडे झाडांवर आणि कड्यांवर बसून असतात. पाच ते नऊ किलोचे शरीर पंख मारत वर नेणे त्यांना परवडत नाही. जमीन तापून गरम हवेचे स्तंभ वर उठू लागले, की त्यांत शिरून ती फुकटात वर चढतात. आणि नेमकी हीच गरम हवा तुमचा फोटो बिघडवते! गरम आणि थंड हवेचा अपवर्तनांक थोडा वेगळा असतो. जमिनीलगत दोन्ही मिसळत असतात, त्यामुळे प्रकाशकिरण सारखे वाकत राहतात आणि दूरचे दृश्य थरथरते. महागडे भिंगही येथे हात टेकते. अंतर कमी करा, हाच एक मार्ग. तेही जमले नाही, तर मढ्यावरच्या पक्ष्यापेक्षा डोक्यावरच्या पक्ष्याचा फोटो घ्या. त्याच्या आणि तुमच्या मध्ये जमिनीलगतच्या हवेचा थर कमी येतो. गाडीचे इंजिन बंद करायला सांगा, आणि कॅमेरा खिडकीवर ठेवलेल्या धान्याच्या किंवा वाळूच्या पिशवीवर टेकवा. उडत्या पक्ष्याला शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके जलद हवे.

आता खरी परीक्षा. पांढऱ्या पाठीचे गिधाड आणि रूपेलचे गिधाड यांची प्रौढे बसलेली असली, तर ओळखणे अवघड नाही. रूपेलची चोच फिकट पिवळसर, डोळा पिवळा, आणि अंगावरील पिसांना फिकट कडा असल्यामुळे ते खवलेदार दिसते. दुसऱ्याची चोच काळी, डोळाही काळसर. पंख उघडले की पाठीचा खालचा भाग पांढरा चमकतो. उडताना प्रौढ पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या पंखाखालचा पुढचा भाग पांढरा असतो, तर रूपेलला तेथे पांढरी बारीक रेघ असते. झाले तर मग! रेघ दिसली की रूपेल?

थांबा. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या पिल्लाचा पंख खालून गडद असतो आणि त्यालाही अशीच एक रेघ असते. रूपेलच्या पिल्लाची चोचही काळपटच. म्हणजे खालून काढलेल्या एकाच फोटोवरून पुष्कळदा निर्णय होतच नाही. म्हणून एका पक्ष्याचे निदान तीन फोटो घ्या: पंखांची खालची बाजू, उतरतानाची पाठ, आणि चोच-डोळा. झाडावरच्या घरट्यात बसलेला असेल तर तेही टिपा, कारण रूपेल सहसा कड्यांवर घरटी करते आणि तेथून अन्नासाठी शंभराहून अधिक किलोमीटर जाते. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर वहीत लिहा: ‘जिप्स प्रजाती, जाती अनिश्चित’. जाणकारही असेच लिहितात. यात कमीपणा नाही.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे तुम्ही विचाराल. २०१५ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या दोन्ही जातींना, तसेच टोपडेवाल्या आणि पांढऱ्या डोक्याच्या गिधाडांना, ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. मुख्य कारण विष. सिंहाने किंवा तरसाने गाय मारली, की चिडलेला गुराखी तिच्या मढ्यावर कीटकनाशक टाकतो. सिंह कदाचित येतही नाही, गिधाडे मात्र शेकड्यांनी येतात. हत्तींचे चोरटे शिकारी तर मुद्दाम विष घालतात, कारण आकाशातल्या घिरट्या वनरक्षकांना त्यांचा पत्ता देतात. बोट्स्वानात २०१९ साली अशा एकाच घटनेत ५३७ गिधाडे मेली. हा पक्षी एका विणीला एकच अंडे घालतो, हे लक्षात घ्या, म्हणजे हा आकडा किती भारी आहे ते कळेल. कोणती जात कोठे, किती उरली हे मोजायचे, तर नावे बरोबर हवीत. घाईने दिलेले ‘रूपेल’ हे नाव नसलेला पक्षी यादीत घालते आणि असलेला वगळते. काही गिधाडांच्या पंखांना संशोधकांनी क्रमांकाचे टॅग लावले आहेत. असा क्रमांक स्पष्ट दिसणारा फोटो, ठिकाण आणि वेळ यांसह, संशोधकांच्या थेट उपयोगी पडतो.

आपल्याकडे जिप्स प्रजातीचीच पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडे १९९० च्या दशकात ९५ टक्क्यांहून अधिक घटली. त्यामागे गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध आहे, हे २००४ साली कळले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात बंदी आली.

मसाई मारा दूर आहे खरे, पण सराव घरच्या गच्चीवरून होतो. घार सर्वत्र आहे. दुपारी तिचे लागोपाठ तीन फोटो काढा: मापक सांगेल तसा, एक पायरी जास्त प्रकाशाचा आणि दोन पायऱ्या जास्त प्रकाशाचा. तिन्ही शेजारी ठेवून शेपटीची खाच आणि पंखाखालचा फिकट डाग कोणत्या फोटोत दिसतो ते पाहा, आणि दिवस, वेळ, उन्हाची दिशा वहीत लिहून ठेवा.