एमजीबी मोटारीचा जीर्णोद्धार

एमजीबी ही इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे. जुन्या मोटारींच्या हौशी संग्राहकांकडून हिचा जीर्णोद्धार मोठ्या प्रमाणावर केला जातो. मोटारीची यांत्रिक रचना साधी असून सुटे भाग सहज मिळतात; तरीही अनेक कामे अर्धवट राहतात. इंजिन किंवा गिअरबॉक्स हे त्याचे मुख्य कारण नसते. बॉडीतील झाकलेला गंज, न सुटणारे बोल्ट आणि परस्परांवर अवलंबून असलेली कामे यांमुळे वेळ व खर्च अंदाजापलीकडे वाढतात.

पार्श्वभूमी

एमजीबीच्या आधीच्या एमजीए या मोटारीला स्वतंत्र चासी होती. एमजीबीमध्ये चासी वगळून मोनोकॉक, म्हणजे स्वतःच भार पेलणारी पत्र्याची अखंड बॉडी वापरण्यात आली. १७९८ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि दोन एसयू कार्ब्युरेटर ही तिची मूळ योजना होती. १९६५ मध्ये टपाचे जीटी हे मॉडेल आले. सर्व प्रकार मिळून ५ लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. स्वतंत्र चासीच्या मोटारीत बॉडी गंजली तरी चासी भार पेलत राहते. एमजीबीमध्ये मात्र गंज हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. तो थेट मोटारीच्या बळकटीवर आणि पर्यायाने प्रवाशांच्या सुरक्षिततेवर परिणाम करतो.

सिलचे काम

दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या पोकळ पेटीसारख्या भागाला सिल म्हणतात. एमजीबीमध्ये ही पेटी बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि त्यांच्यामधील उभा पत्रा अशा थरांनी बनलेली असते. टप नसलेल्या मॉडेलमध्ये मोटारीचे पुढचे व मागचे अंग जोडून ठेवण्याचा मोठा भार सिलवर पडतो. आत शिरलेले पाणी व चिखल तेथेच साचत असल्याने गंज आतून सुरू होतो आणि बाहेर दिसेपर्यंत बराच भाग खाल्लेला असतो.

बाहेरच्या पत्र्याची दोन्ही टोके पुढच्या व मागच्या मडगार्डखाली जातात. त्यामुळे सिल पूर्ण बदलायची असल्यास पुढचे मडगार्ड उतरवावे लागते आणि वेल्डिंगने जोडलेल्या मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो. हे टाळण्यासाठी काही ठिकाणी गंजलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवून रंग दिला जातो. अशी मोटार वरून चांगली दिसते, पण तिचा आधार कुजलेलाच असतो. मोटार जॅकवर उचलल्यावर दाराची फट कमी-जास्त होणे किंवा दार अडकणे हे कमकुवत सिलचे लक्षण मानले जाते. पुट्टी भरून लपवलेला भाग लोहचुंबकाने ओळखता येतो, कारण जाड पुट्टीवर चुंबक धरत नाही.

सिल कापण्यापूर्वी मोटार समपातळीत आधारावर ठेवून दाराच्या चौकटीत लोखंडी आधारदांडे बसवावे लागतात. तसे न केल्यास बॉडी किंचित वाकते आणि नवी सिल त्या वाकलेल्या स्थितीतच पक्की होते. नंतर दार कितीही सरकवले तरी फट सारखी येत नाही. म्हणूनच वेल्डिंग पक्के करण्याआधी दार व मडगार्ड तात्पुरते बसवून पाहतात, काढतात, पत्रा सरकवतात आणि पुन्हा बसवतात. या कामात कित्येक दिवस जातात, पण बाहेरून पाहणाऱ्याला काहीच प्रगती दिसत नाही.

पुढचे मडगार्ड व विंडस्क्रीन

पुढचे मडगार्ड बोल्टने जोडलेले असल्याने ते काढणे सोपे वाटते. प्रत्यक्षात वरच्या कडेचे बोल्ट सहज निघतात, तर मागच्या कोपऱ्यातील काही बोल्टपर्यंत डॅशबोर्डच्या मागून हात घालून पोहोचावे लागते. उघड्या मॉडेलमध्ये त्याआधी विंडस्क्रीनची चौकट उतरवावी लागते आणि तिचे बोल्टही डॅशबोर्डखालूनच सुटतात. मडगार्डच्या आत चाकामागे चिखल साचण्याची जागा असून तेथील पत्रा हमखास गंजतो. अशा रीतीने दाराखालचा पत्रा बदलण्याचे काम विंडस्क्रीनपर्यंत जाऊन पोहोचते.

गंजलेले बोल्ट

लोखंड गंजताना त्याचे आकारमान वाढते. त्यामुळे बोल्ट आपल्या जागेत घट्ट आवळला जातो. पुढच्या चाकाच्या जोडणीतील खालचा आडवा बोल्ट याबाबत कुप्रसिद्ध आहे. त्या जागी नियमित ग्रीस न भरल्यास तो आतील नळीत जाम होतो आणि शेवटी करवतीने कापावा लागतो. तेल मुरवणे, तापवणे आणि थंड होऊ देणे हे उपाय पुनःपुन्हा करावे लागतात. घाई केल्यास बोल्ट तुटून त्याचा तुकडा आत राहतो.

पान्यांच्या मापाचाही त्रास होतो. या मोटारीतील बोल्ट मुख्यतः इंची मापाचे आहेत. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या डोक्याला १३ मिलिमीटरचा पाना बसतो, पण थोडा सैल राहतो. जोर लावताच बोल्टचे कोपरे घासून गोल होतात आणि सुटू शकणारा बोल्टही अडकून बसतो.

हीटर

हीटरची पेटी इंजिन आणि प्रवासी कक्ष यांच्यामधील पत्र्यात बसवलेली असते. आतील जाळी गळू लागली की गरम पाणी प्रवाशांच्या पायाशी येते. पेटी काढण्यासाठी पाण्याच्या नळ्या, नियंत्रणाच्या तारा आणि हवेचे मार्ग सोडवावे लागतात. नवी स्पंजची पट्टी लावलेली पेटी त्याच जागेत परत बसवणे काढण्यापेक्षाही अवघड ठरते. त्यामुळे डॅशबोर्ड बसवण्यापूर्वीच हे काम उरकणे हिताचे असते.

वायरिंग

वायरिंगमध्ये तारांचे रंग ठरावीक आहेत: तपकिरी तारेत कायम वीज असते, पांढरी किल्ली फिरवल्यावर चालू होते, हिरवी फ्यूजमधून पुढे जाते आणि काळी अर्थिंगची असते. अडचण बहुधा जोडांमध्ये असते. जुने जोड गंजले की दिवे मंद होतात किंवा अधूनमधून बंद पडतात. जीर्णोद्धारानंतर एक वेगळाच दोष उद्भवतो. अर्थिंग बॉडीमार्फत होत असल्याने नव्या रंगाच्या थरामुळे वीजमार्ग खंडित होतो. म्हणून अर्थिंगच्या जागेवरील रंग खरवडावा लागतो. १९६७ पर्यंतच्या मोटारींत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, नंतरच्या मोटारींत ऋण टोक. हा फरक न पाहता नवीन उपकरण जोडल्यास ते जळू शकते.

नवी बॉडी आणि मूळपणाचा प्रश्न

१९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साच्यांच्या आधारे एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी उपलब्ध करून दिली. त्यामुळे गंजाची दुरुस्ती टाळून जुने भाग नव्या बॉडीत बसवता येतात. वेळ वाचतो आणि बळकटीची खात्री मिळते. मात्र मोनोकॉक मोटारीत बॉडी हाच मुख्य सांगाडा असल्याने ती बदलल्यावर मोटार मूळची राहते का, हा प्रश्न संग्राहकांमध्ये वादाचा आहे. मूळ पत्रा जपणारे प्रत्येक तुकडा दुरुस्त करण्याचा आग्रह धरतात. मोटार नियमित चालवू इच्छिणारे बळकटीला प्राधान्य देतात. निर्णय कोणताही असो, तो सिल उघडून आतली स्थिती पाहिल्यानंतरच घेता येतो. रंगावरून बांधलेला अंदाज बहुधा चुकतो.