सेल्फ फिरतो, इंजिन मात्र पेटत नाही

पैनगंगेचा पूल ओलांडून राष्ट्रीय महामार्ग ४४ आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. तेलंगणातील हा सर्वांत थंड टापूंपैकी एक. जानेवारीत पहाटेचा पारा येथे अनेकदा दहा अंशांखाली जातो. याच सुमारास, पौष अमावास्येला, इंद्रवेल्ली मंडलातील केस्लापूर येथे मेसराम कुळातील गोंडांची नागोबाची जत्रा सुरू होते आणि सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातूनही गाड्या गुडीहत्नूरच्या फाट्यावरून आत वळतात. रात्रभर दवात उभी राहिलेली अशी एखादी गाडी पहाटे चालू करताना किल्ली फिरते, सेल्फचा ओळखीचा आवाज येतो, पण इंजिन पकडत नाही. भोवती जमलेले लोक दोनच सल्ले देतात: आणखी सेल्फ मारा, नाहीतर बॅटरी बदला. पहिल्याने बॅटरी उतरते, दुसऱ्याने खिसा हलका होतो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

सेल्फ ही इंजिनाला बाहेरून फिरवणारी विजेची मोटर. चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा सेल्फ १९१२ मध्ये कॅडिलॅक गाड्यांत आला. त्यापूर्वी हे काम लोखंडी हँडल मारून माणूस करीत असे. तो जोमाने फिरतो आहे, याचा अर्थ बॅटरी आणि सेल्फ यांनी आपले काम केले. पुढचे काम इंजिनाचे. त्यासाठी पेट्रोल इंजिनाला योग्य प्रमाणात हवा आणि इंधन, पुरेसा दाब व नेमक्या क्षणी ठिणगी लागते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते.

म्हणून बोनेट उघडण्याआधी कान द्यावा. सेल्फचा आवाज जड, रेंगाळणारा असेल आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावत असतील, तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या गंजलेल्या टर्मिनलवर घ्यावा. इंजिन फिरते खरे, पण वीजदाब इतका घसरतो की कधीकधी संगणक आणि इंजेक्टर यांना पुरेशी वीज मिळत नाही. आवाज नेहमीसारखा असेल, तर दोष इंधनात किंवा ठिणगीत असण्याची शक्यता अधिक. तिसरा आवाज सर्वांत वाईट. इंजिन नेहमीपेक्षा हलके, भरभर आणि एकसुरी फिरते, जणू आत अडवणारे काहीच उरलेले नाही. टायमिंग बेल्ट तुटल्याचे हे लक्षण असू शकते. अशा वेळी सेल्फ पुन्हा मारू नये. अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून किरकोळ खर्चाचे रूपांतर मोठ्या खर्चात होते.

आवाज नेहमीचा असेल तर पुढची पायरी डॅशबोर्डची. किल्लीच्या आकाराचा दिवा लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरने किल्ली ओळखलेली नाही. काही गाड्यांत अशा वेळी सेल्फ फिरतो, पण इंधन किंवा ठिणगी अडवून ठेवलेली असते. दुसरी किल्ली वापरून पाहण्यास काहीच खर्च येत नाही, आणि हा उपाय लोक सर्वांत शेवटी आठवतात. त्यानंतर किल्ली 'ऑन'वर ठेवून सेल्फ न मारता शांत राहावे. बहुतेक पेट्रोल गाड्यांत मागच्या आसनाच्या बाजूने पंपाची दोनेक सेकंद गुणगुण ऐकू येते. ती नसेल तर फ्यूज आणि रिले पाहावेत. इंधनाच्या काट्यावरही आंधळा विश्वास नसावा. टाकीतला फ्लोट अडकला की रिकामी टाकीही भरलेली दिसते.

पंप वाजतो, तरी गाडी पेटत नाही, तेव्हा नाक उपयोगी पडते. सेल्फ मारल्यावर सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास दरवळत असेल, तर इंधन पोहोचते आहे, ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त झाले आहे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारल्यास बहुतेक इंजेक्शन इंजिनांत इंधन थांबते व केवळ हवा जाऊन प्लग कोरडे होतात. किनारपट्टीवरच्या जुन्या गाड्यांत पावसाळ्यातील दमटपणा हाच खेळ प्लगच्या वायरींवर करतो. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही हलत नसेल, तर क्रँक सेन्सर संशयित ठरतो. स्कॅनरवर तो बहुधा 'पी ०३३५' असा संकेत देतो. मात्र स्कॅनर दोषाची दिशा दाखवतो, निकाल देत नाही. उंदराने कुरतडलेली वायरही तोच संकेत आणते, आणि नवा सेन्सर बसवल्यानंतर ते उघड झाले तर पैसे परत येत नाहीत.

डिझेल गाडीत धूर बोलतो. सेल्फ मारताना पांढरा धूर निघत असेल, तर इंधन आत जाते आहे, पण जळत नाही. थंडीत बहुधा हिटर प्लग निकामी असतात. कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबण्याइतका धीर नसलेल्या चालकाकडूनही हेच घडते. धूर अजिबात नसेल, तर डिझेल पोहोचतच नाही: फिल्टर तुंबला, त्यात पाणी साचले, किंवा लाइनने एअर घेतली. टाकी पूर्ण रिकामी होऊन मग भरलेल्या गाडीत हे हमखास होते. फिल्टरवर हातपंप असल्यास तो दाबून एअर काढता येते.

कोणत्याही गाडीत एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट तरी थांबावे. सेल्फची मोटर सतत चालण्यासाठी बनलेली नसते. ढकलून चालू करण्याने येथे काही साधत नाही, कारण इंजिन फिरवण्याचे काम सेल्फ करतोच आहे. उलट न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते व तो खराब होतो.

महामार्गावर गाडी अडली असेल, तर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. मेकॅनिकला दूरध्वनी करताना केवळ 'गाडी बंद पडली' असे सांगू नये. सेल्फ कसा फिरतो, पंप वाजतो का, वास किंवा धूर येतो का, काटा हलतो का आणि कोणता दिवा लागला आहे, एवढे सांगितले की तो फ्यूज, फिल्टर की स्कॅनर यांपैकी काय सोबत घ्यायचे ते आदिलाबादहून निघण्यापूर्वीच ठरवतो.