टोकाचा डांब

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटची थप्पी सगळ्यांना दिसते. ते टोमॅटो ज्याच्या आधाराने वाढले, तो मांडव उभा होताना बघायला जुन्नर तालुक्यातल्या एखाद्या शेतातच जावं लागतं, आणि तेही लागवडीला महिना व्हायच्या आत. रोपं आडवी पडायला लागली की उशीर झाला. मग उचलताना खोडं मोडतात.

मी गेलो तेव्हा दोघंजण सरीच्या टोकाला पहारीने खड्डा घेत होते. त्यात जाड डांब उभा राहिला, पण सरळ नाही. सरीपासून बाहेरच्या बाजूला कललेला. त्याच्याही बाहेर, तारेला दगड बांधून तो दोन फूट खोल गाडला आणि डांब त्या तारेने मागे ओढून धरला. हा ताण. एवढ्या कामात सकाळ गेली. मधल्या काठ्या मात्र दर दहा फुटांवर भराभर रोवल्या गेल्या. नवख्याला वाटतं, मांडव त्या काठ्यांवर उभा आहे. त्या फक्त तारेला झोळ पडू देत नाहीत. वाळत घालायच्या दोरीला मधे कितीही टेकू द्या, भिंतीतला खिळा निघाला की कपडे मातीत. इथे तर फळांनी लगडलेली ओळ, वर पावसाने जड झालेला पाला आणि त्यात भरणारा वारा. सगळी ओढ शेवटी टोकाच्या डांबावर येते.

तार सोळा गेजची. पकडीने पिळून ती बोटाने टणटण वाजेपर्यंत ताणली.

नंतर सुतळी घेऊन बायका सरीत शिरल्या आणि कामाची रीतच उलटली. तारेकडची गाठ घट्ट, खोडाभोवतीचा फास सैल. "बोट जाईल एवढी जागा ठेवा," त्यांच्यातल्या एक मावशी मला म्हणाल्या. "खोड जाड होतं, मग सुतळी कापती त्याला." जाता जाता त्या बगलेतले फुटवेही खुडत होत्या. फळं मातीला टेकली नाहीत तर सडत नाहीत, पाल्यात वारा खेळला तर पानं लवकर वाळतात आणि करप्याला तेवढी कमी संधी मिळते. फवारा आतपर्यंत पोचतो, तोडणारीची कंबरही वाचते. पाला मात्र फार काढायचा नाही, कारण उघड्या फळाला ऊन चटका देतं.

हंगाम संपला की सुतळी कापतात, पण बरेच जण मांडव तसाच ठेवून त्यावर दोडका किंवा काकडी चढवतात. काठीचं मातीतलं टोक कुजलं तर तेवढं तोडून ती पुन्हा रोवतात. डांब कुजला तर नवाच आणतात.