‘आम्ही बोलणार आहोत’ : फ्रेंच क्रियापदाची सोपी वाट

विहाराच्या अभ्यासिकेत अकरावीची एक मुलगी वही मिटून बसली होती. वडील गोदामात हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. कॉलेजात हिने दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली. मार्क चांगले पडतात असे मैत्रिणी म्हणाल्या होत्या. पण त्या मैत्रिणी ही भाषा शाळेपासून शिकलेल्या. भविष्यकाळाचा धडा आला आणि ही मागे पडली. त्यात कुणीतरी ऐकवले, “तुम्हा लोकांना कशाला हवी ही भाषा?” ती विषय बदलायला निघाली होती. हे ऐकून आम्हाला स्वस्थ बसवेना. म्हणून आजचे हे पान तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सर्वांसाठी.

बाबासाहेबांनाही शाळेत संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या कष्टाने मिळवले. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात होते. तिथे अर्थशास्त्र, इतिहास यांच्या ढीगभर अभ्यासक्रमांबरोबर त्यांनी प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मनचाही एकेक अभ्यासक्रम घेतला होता. तेव्हा ही भाषा आपली नव्हे, असे कुणी म्हटले तर मान खाली घालण्याचे कारण नाही.

आता धड्याकडे वळू. फ्रेंचमध्ये याला ‘फ्यूत्यूर प्रोश’ म्हणतात, म्हणजे जवळचा भविष्यकाळ. पाऊस पडणार आहे, उद्या परीक्षा सुरू होणार आहे, असे ठरलेले किंवा अगदी तोंडावर आलेले काम यात सांगतात.

पालकांनो, यासाठी तुम्हाला फ्रेंच येण्याची गरज नाही. आपली मराठी पुरेशी आहे. मोठ्याने म्हणून पाहा : मी बोलणार आहे, तू बोलणार आहेस, तो बोलणार आहे, आम्ही बोलणार आहोत, तुम्ही बोलणार आहात, ते बोलणार आहेत. यात ‘बोलणार’ जागचा हलला का? नाही. बदलला तो शेवटचा ‘आहे’. फ्रेंचचीही रीत हीच. मुख्य क्रियापद मूळ रूपात तसेच राहते आणि त्याच्या आधी येणारे एक लहान क्रियापद तेवढे बदलते. ते लहान क्रियापद म्हणजे ‘आले’, अर्थ ‘जाणे’. आपला ‘आहे’ मागून येतो, त्यांचे ‘जाणे’ पुढे येते. फरक एवढाच.

‘बोलणे’ याला फ्रेंच शब्द आहे ‘पार्ले’. विलेपार्ल्याची गाडी रोज पकडणाऱ्यांनी तो विसरण्याचे कारणच नाही! आता रूपे पाहा. उच्चार जवळपासचे दिले आहेत, नेमके बाईंच्या तोंडून ऐकावेत.

मी बोलणार आहे – ज व्हे पार्ले
तू बोलणार आहेस – त्यू व्हा पार्ले
तो बोलणार आहे – इल व्हा पार्ले
ती बोलणार आहे – एल व्हा पार्ले
आम्ही बोलणार आहोत – नू झालों पार्ले
तुम्ही बोलणार आहात – व्हू झाले पार्ले
ते बोलणार आहेत – इल व्हों पार्ले
त्या बोलणार आहेत – एल व्हों पार्ले

‘झालों’ आणि ‘झाले’ ऐकून त्या मुलीची आई हसली. म्हणाली, “अगं, अजून बोलायचंय आणि झाले कसे?” गंमत अशी, की मूळ शब्द ‘आलों’ आणि ‘आले’ आहेत. ‘नू’ आणि ‘व्हू’ यांच्या शेवटी एक मुका ‘एस’ असतो. पुढे स्वर आला की तो जागा होतो आणि ‘झ’सारखा ऐकू येतो.

मार्क जातात ते तीन ठिकाणी. पहिले, ‘पार्ले’ लिहिताना शेवटी ‘आर’ हवा, तो उच्चारत नाहीत. ‘तुम्ही बोलता’ मधले ‘पार्ले’ ऐकायला अगदी तसेच, पण त्याच्या शेवटी ‘झेड’ असतो. तो इथे घातला की चूक. दुसरे, ‘तू’चा ‘व्हा’ आणि ‘तो’चा ‘व्हा’ कानाला एकच, पण ‘तू’च्या रूपाला लिहिताना ‘एस’ लागतो. तिसरे, नकार. ‘मी बोलणार नाही’ म्हणजे ‘ज न व्हे पा पार्ले’. ‘न’ आणि ‘पा’ हे दोघे लहान क्रियापदाच्या दोन बाजूंना उभे राहतात. ‘पा’ शेवटी नेऊन ठेवू नये.

‘बोलेन, बोलशील, बोलेल’ असा दुसरा भविष्यकाळही त्यांच्याकडे आहे. त्यात आपल्यासारखेच मुख्य क्रियापद बदलते. तो पुढच्या धड्यात येईल. आधी हा पक्का करावा.

या भाषेचा आणि धम्माचा जुना संबंध आहे. युजेन ब्युर्नूफ या फ्रेंच पंडिताने १८२६ साली लासेन यांच्यासोबत पालीवर ग्रंथ लिहिला आणि १८४४ साली भारतीय बौद्ध धम्माच्या इतिहासावरचा मोठा ग्रंथ फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केला. आपण कार्ल्याला आणि नाशिकच्या लेण्यांना जातो, तिथल्या शिलालेखांचे वाचन विसाव्या शतकाच्या आरंभी एमिल सेनार या फ्रेंच विद्वानाने प्रसिद्ध केले. आपला इतिहास इतरांनी त्यांच्या भाषेत लिहिला. तो मुळातून वाचणारी मुले आपल्या घरांतून निघायला नकोत का?

व्याकरणाची रूपे पाठ करणे हे हलके काम नाही. बाबासाहेबांनी स्वतः पालीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. शासनाने त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात तो छापला आहे.

तेव्हा मातांनो, रात्री भाजी निवडताना मुलीला समोर बसवा. तुम्ही मराठी रूप म्हणा, तिने फ्रेंच म्हणावे. आठवडाभर रोज दहा मिनिटे पुरेत. बोलणे झाले की खाणे, वाचणे, लिहिणे घ्या. मुख्य शब्द तेवढा बदलेल, पुढचा साचा तोच राहील.

त्या मुलीने विषय बदलण्याचा अर्ज अजून दिलेला नाही. रविवारी ती पुन्हा अभ्यासिकेत आली, आईला सोबत घेऊन. आई म्हणत होती, “आम्ही बोलणार आहोत.” मुलगी म्हणत होती, “नू झालों पार्ले.”

जय भीम!